हात लावायचा नाही

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना माणसांचा वैताग येतो, हे काही गुपित नव्हतं. एकोणीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढल्यावर कोणालाही आला असता. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच होता, आणि त्या ब्रेकवरचा पाय त्यांनी एवढ्या वर्षांत मनापासून कधी उचललाच नव्हता. समोरून ट्रक येतोय आणि शेजारचे गृहस्थ इंडिकेटर शोधता शोधता वायपर चालू करताहेत. चढावर गाडी मागे घसरतेय आणि शिकणारी मुलगी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात तोंडावर धरतेय. अशा वेळी बाईंचा पाय आधी दाबला जायचा आणि मग तोंड सुटायचं. सगळे पाठीमागे त्यांना ब्रेकबाई म्हणायचे. बाईंना ते माहीत होतं. म्हणा खुशाल, त्या म्हणायच्या, या ब्रेकमुळेच तुम्ही मला नावं ठेवायला जिवंत आहात.

अशा बाईंनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी फ्रीडायव्हिंग सुरू केलं म्हटल्यावर ओळखीतल्या लोकांनी आधी पोटभर हसून घेतलं. पाठीवर हवेचं नळकांडं नाही, काही नाही; एक श्वास घ्यायचा, तो धरून दोरीच्या कडेनं खोल पाण्यात जायचं आणि त्याच श्वासावर परत यायचं. कशासाठी, म्हणून विचारलं तर उत्तर नाही. बाईंकडेही नव्हतं. त्यांचा मुळात या भानगडीशी संबंधच नव्हता. नाद लेकीचा. नुकतीच कॉलेज संपवून एका प्रयोगशाळेत लागलेली लेक आणि तिची मैत्रीण, अशा दोघींनी नाव नोंदवलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मैत्रिणीनं जिन्यात घोटा मोडून घेतला. आणि या खेळाचा पहिला नियम असा, की एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. एक खाली, तर दुसरा वर, डोळे लावून. जोडीदार नाही तर बुडी नाही. लेक तोंड पाडून बसली, तेव्हा बाई म्हणाल्या, "मी येते." पोहायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या. शिवाय पोरगी पाण्यात नेमकं काय करते ते डोळ्यांनी बघायला मिळालं तर बरंच, असाही एक हिशेब होता. तो त्यांनी लेकीला सांगितला नाही. लेकीला तो न सांगताच कळला.

शिकवणारा माणूस व्यवसायानं प्लंबर होता. आठवडाभर लोकांच्या मोऱ्या मोकळ्या करायचा आणि बुधवारी संध्याकाळी तलावावर, रविवारी सकाळी गावाबाहेरच्या पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीत या सात-आठ हौशी लोकांना शिकवायचा. सगळे त्याला प्लंबरच म्हणत. बोलायचा हळू, चिडायचा कधीच नाही, आणि यानंच बाईंचं डोकं फिरायचं. पहिले तीन महिने बाईंचे कान उघडेनात. खाली जाताना पाण्याचा दाब कानावर येतो. नाक चिमटीत धरून आतून हवा कानात सोडायची, की टक् करून कान मोकळा होतो. लेकीचा व्हायचा, सोबत शिकणाऱ्या एका बँकेतल्या कॅशियरचा व्हायचा, सगळ्यांचा व्हायचा. बाई चार मीटरवर गेल्या की डावा कान दुखायला लागायचा आणि त्या शिव्या घालत वर यायच्या. प्लंबर म्हणायचा, ताई, तुम्ही गळा आवळून धरताय, सोडा जरा. बाई म्हणायच्या, सोडलाय. तो म्हणायचा, जबडा बघा किती घट्ट आहे. बाई म्हणायच्या, माझा जबडा असाच आहे.

घरी सराव सुरू झाला. नवऱ्याच्या हातात स्टॉपवॉच देऊन बाई सोफ्यावर आडव्या पडायच्या आणि श्वास धरायच्या. नवरा बिचारा सरळ माणूस, दुपारचं जेवण झालेलं. दीड मिनिटात तोच घोरायला लागायचा. बाई डोळे उघडून बघायच्या तर घड्याळ साडेसहा मिनिटं दाखवतंय आणि हा खुर्चीत मान टाकून. एकदा शेजारीण साखर मागायला आली. सोफ्यावर बाई काळ्यानिळ्या होऊन पडलेल्या, समोर नवरा डोळे मिटून. तिनं असा टाहो फोडला, की खालच्या मजल्यावरची माणसं धावत आली. त्या दिवसापासून नवऱ्यानं घड्याळ हातात घ्यायला साफ नकार दिला.

आणि मग एका रविवारी कान उघडला. कसा, ते बाईंना आजही सांगता येत नाही. चिडून चिडून थकल्या असतील. पाच मीटर, सहा, सात. टक्, टक्, टक्. दहा मीटरच्या खाली अंग आपोआप जड होतं, पाय मारावे लागत नाहीत, पाणीच माणसाला खाली घेतं. बाई डोळे अर्धे मिटून नुसत्या खाली जात राहिल्या. भोवती हिरवा अंधार, गार, आणि शांत. काय ती शांतता! तिथं कोणी चुकीच्या गिअरमध्ये गाडी उचलत नव्हतं. कोणी हॉर्न मारत नव्हतं. कोणाला काही सांगायचं नव्हतं, आणि सांगायचं म्हटलं तरी सांगता येणार नव्हतं. बाईंना एवढा आनंद झाला, की त्या पाण्यातच हसल्या, नाकातोंडात पाणी गेलं आणि ठसकत वर आल्या. लेक वर तरंगत होती. आईला असं हसताना तिनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. तीही हसायला लागली.

खरं तर बाईंचा जीव अडकला तो यात. जमिनीवर मायलेकींचं पाच मिनिटं पटायचं नाही. ओला टॉवेल कुठं टाकलास, फोन का उचलत नाहीस, त्या मुलाशी एवढं काय बोलतेस. बाईंचं तोंड चालू आणि लेकीचं दार बंद. पण रविवारी पाण्यात दोन तास दोघी एका दोरीला. बोलायची सोयच नाही. वर यायचं, एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं, अंगठा आणि बोट जुळवून ठीक आहे अशी खूण करायची. एवढंच. तेवढ्यावर बाईंचा आठवडा निघायचा. त्यात लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती. अजून नऊ रविवार होते, मग ती जाणार. बाईंनी ते कॅलेंडरवर मोजले होते.

अडचण एकच होती. बाईंचा हात.

जोडीदाराचं काम बघत राहायचं. खाली गेलेला माणूस वर यायला लागला, की आपण सात-आठ मीटर खाली जाऊन त्याला गाठायचं, तोंडासमोर तोंड ठेवून त्याच्याबरोबर वर यायचं आणि वर आल्यावर पूर्ण अर्धं मिनिट त्याच्यावरची नजर हलवायची नाही. कारण घात होतो तो बहुतेकदा वर आल्यावरच. माणूस डोकं बाहेर काढतो, हसतो, आणि पुढच्या क्षणी त्याची शुद्ध जाते. तेव्हा धरायचं. त्याआधी नाही. त्याला त्याचा मास्क काढू द्यायचा, खूण करू द्यायची, "ठीक आहे" म्हणू द्यायचं. सगळ्यांना हे समजलं होतं. बाईंनाही समजलं होतं, पण त्यांच्या हाताला समजत नव्हतं. तलावात लेक श्वास धरून पालथी तरंगत असताना तिचं बोट जरासं हललं, आणि बाईंनी तिला गर्रकन उलटी केली. खाणीत लेक नऊ मीटरवर वळायला थांबली, तर बाईंनी खाली जाऊन मनगट धरलं आणि तिला फरफटत वर आणलं. पोरीच्या नाकातोंडात पाणी. तिसऱ्या वेळी तर ती कपारीतली एक गंजलेली हातगाडी बघत होती. मजेत बघत होती. बाईंनी तिला तिथूनही उचललं.

प्लंबरनं तेव्हा बाईंना बाजूला घेतलं. त्याच हळू आवाजात त्यानं सांगितलं, की ताई, शुद्ध हरपलेल्या माणसाला सांभाळण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, सरावात तुम्ही सगळ्यांत चोख आहात. पण शुद्धीतल्या माणसाला दर वेळी ओढलंत, तर तो वर यायला कधी शिकणारच नाही. आता वर येताना स्वतःची कोपरं धरून यायचं. विनाकारण हात लागला, की जोडी मोडीन. बाईंनी मान हलवली. एकोणीस वर्षांत त्यांना असं कोणी सुनावलं नव्हतं, आणि तेही एका प्लंबरनं.

तर त्या रविवारी लेक वीस मीटरला जाणार होती. सकाळी खाणीकडे येताना गाडी तीच चालवत होती. ही घरची गाडी, हिच्यात बाईंच्या बाजूला ब्रेक नाही. तरी बाईंचा पाय सगळ्या रस्ताभर खालच्या रबरी चटईवर दाबलेला. लेकीला तो दिसत होता. वळणावर बाई म्हणाल्या, आरसा बघ. सिग्नलला म्हणाल्या, पिवळा झालाय. खाणीजवळच्या मोकळ्या जागेत गाडी मागे घेताना म्हणाल्या, डावीकडे, डावीकडे, अगं डावीकडे, आणि यांत्रिक सवयीनं हँडब्रेक ओढला. गाडी गचका खाऊन बंद पडली. लेकीनं किल्ली काढली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पुढच्या काचेकडे बघत म्हणाली, "पुढच्या रविवारपासून मी कॅशियरबरोबर जोडी लावणार आहे. त्यांना विचारलंय. ते हो म्हणालेत."

बाई कॅशियरवर घसरल्या. म्हणे कॅशियर! तो माणूस समोरच्याला नोटा देतानासुद्धा बोट लागू देत नाही. लेक म्हणाली, म्हणूनच. आणि उतरून डिकीतून सामान काढायला लागली. बाई गाडीतच बुडीचा रबरी सूट अंगात चढवत बसल्या. एरवी तो चढवताना त्यांची बडबड सगळ्या खाणीला ऐकू जायची. त्या दिवशी त्यांनी बाही उलटी चढवली तरी तोंडातून शब्द काढला नाही. पुढचे आठही रविवार हातचे गेले, एवढंच डोक्यात होतं. आता हा शेवटचा. हात लावला नाही तर कदाचित ती विचार बदलेल. नाही लावायचा. काय वाट्टेल ते होवो, आज हात लावायचा नाही.

पाण्यात तरंगत्या टायरला दोरी बांधलेली असते, तिच्या खालच्या टोकाला वजन आणि थाळीएवढी चकती. चकतीवर कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे लावलेले. खाली पोचल्याचा पुरावा म्हणून एक चिमटा काढून आणायचा. लेक एकदा पंधराला जाऊन आली, सहज. मग टायरला धरून विश्रांती घ्यायची होती, निदान चार-पाच मिनिटं. दुसऱ्या दोरीवर प्लंबर कॅशियरला कान कसे उघडायचे ते परत दाखवत होता. बाई म्हणाल्या, अजून दोन मिनिटं थांब, तुझा श्वास बसला नाहीये. बरोबरच सांगत होत्या. पण सकाळपासून इतक्या वेळा सांगून झालं होतं, की आता खरं सांगितलेलंही लेकीला टोचलं. तिनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटचा श्वास भरला आणि डोकं खाली करून गेली.

बाईंचा एक हात दोरीवर. दोरी हाताला बोलते. खाली माणूस चकतीपाशी पोचला, की झटका लागतो. झटका लागला. मग आणखी एक, आणि आणखी एक. चिमटा अडकला असणार. सोड की तो, बाई मनातल्या मनात ओरडल्या, चिमटाच आहे, काय हिरा आहे का. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर दोरी सैल झाली, लेक वळली होती. बाईंनी श्वास घेतला आणि खाली गेल्या. आठ मीटरवर लेक समोर आली. तिचे पाय जड चालत होते. बाईंनी आपली कोपरं घट्ट धरली. तोंडासमोर तोंड, सहा मीटर, चार, दोन. लेकीचे डोळे उघडे होते, मोठे होते.  बाईंची कोपरं सुटली नाहीत, आणि दोघी वर आल्या.

लेकीनं टायर धरला. एक श्वास घेतला, मोठा. मास्क काढायला हात वर नेला. तो हात अर्ध्यावर थांबला. ओठ निळे दिसत होते, मान किंचित हलली, खांदे थरथरले. प्लंबरनं सांगितलं होतं, नुसतं थरथरणं म्हणजे बेशुद्धी नव्हे, घाई करायची नाही. बाई बघत राहिल्या. त्यांचा हात पुढे झाला आणि त्यांनीच तो मागे घेतला. परत घेतला! लेकीचे डोळे समोर होते, पण त्यात कोणी नव्हतं. मग टायरवरची बोटं सुटली आणि तोंड पाण्यात गेलं.

पुढचं बाईंनी केलं नाही, त्यांच्या हातांनी केलं. एक हात मानेखाली, एक हनुवटीला, तोंड पाण्याबाहेर. मास्क काढला, गालावर चापट्या मारल्या, डोळ्यांवर फुंकर घातली. "श्वास घे. ए, श्वास घे. श्वास घे." तीनदा, चारदा. मग लेकीच्या घशातून खरखरीत आवाज आला, छाती भरली, डोळ्यांत माणूस परत आलं. ती पापण्या मिटमिटत आईकडे बघायला लागली, आणि हसली.

"पाहिलंस?" ती म्हणाली. "आज तू हात लावला नाहीस."

बाईंचा तळवा तिच्या मानेखालीच होता. शुद्ध गेलेल्या माणसाला शुद्ध गेल्याचं कळतच नाही. दोन श्वासांच्या मधला तुकडा कापून काढल्यासारखा निघून जातो आणि दोन्ही टोकं जुळतात. लेकीच्या लेखी ती वर आली होती, श्वास घेतला होता, आणि आई शहाण्यासारखी समोर होती. ती खुशीत होती. म्हणाली, चिमटा मात्र राहिला. पाच मिनिटं थांबते आणि परत जाते, आता कळलंय कसा काढायचा तो. आणि मग म्हणाली, "कॅशियरना सांगेन मी काहीतरी."

बाईंना हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. प्लंबरची पाठ इकडे होती, कोणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं की झालं. आणि गप्प बसलं तर ही पोरगी पाच मिनिटांनी परत वीस मीटर खाली जाणार. त्यांना इतका राग आला, लेकीचा, स्वतःचा, त्या मेल्या चिमट्याचा, की डोळ्यांत पाणी आलं.

"तू बेशुद्ध पडली होतीस," त्या म्हणाल्या. "सात सेकंद. आज परत जायचं नाही."

लेकीचं हसू गेलं. तिनं आईचा हात मानेवरून झटकला. आधी मोठा सुस्कारा टाकला, तो बाईंच्या जिव्हारी लागला. मग म्हणाली, की आई, हात लावलास तर लावलास, पण निदान खोटं बोलू नकोस, मला सगळं आठवतंय. आवाज चढला तसा प्लंबर पोहत आला. त्यानं काय झालं म्हणून विचारलं. बाईंनी क्रमानं सांगितलं: हात थांबला, मान हलली, तोंड पाण्यात गेलं, सात सेकंद. लेक म्हणाली, असं काही झालेलं नाही. प्लंबरनं दोघींकडे पाहिलं आणि लेकीला एवढंच विचारलं, की तुझा मास्क कोणी काढला?

लेकीनं हात चेहऱ्याकडे नेला. कपाळावर नाही, गळ्यात नाही. तिनं टायरवर पाहिलं, पाण्यावर पाहिलं. मास्क बाईंच्या कोपराला अडकून लोंबत होता. लेक त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली, आणि मग तिचे दात वाजायला लागले.

प्लंबरनं दोघींना पाण्याबाहेर काढलं. डॉक्टरला दाखवायचं, दोन आठवडे पाणी बंद, आणि तोपर्यंत कोणाशी वाद घालायचा नाही, असं त्यानं बजावलं. हे शेवटचं कोणाला उद्देशून होतं ते त्यानं स्पष्ट केलं नाही. दोघी काठच्या दगडावर टॉवेल गुंडाळून बसल्या. बाईंना बोलायचं होतं. विश्रांती घेतली नाहीस, ऐकलं नाहीस, चिमट्यासाठी जीव धोक्यात घातलास. सगळं ओळीनं तयार होतं. पण त्या नाकच शिंकरत राहिल्या. थर्मासचं झाकण त्या उलटंच फिरवत होत्या. लेकीनं थर्मास काढून घेतला, चहा ओतला, कप आईच्या दोन्ही हातांत नीट धरवला.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सात सेकंदांतली किती तू नुसती बघत होतीस?"

बाईंना खोटं सांगता आलं असतं. प्लंबरलासुद्धा त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

"दोन," त्या म्हणाल्या. "हात पुढे केला होता मी. परत मागे घेतला. म्हटलं, तू चिडशील."

 समोर दुसऱ्या दोरीवर कॅशियर बुडी मारून वर आला, मास्क काढला, खूण केली, आणि प्लंबर त्याच्या तोंडाकडे बघत अर्धं मिनिट तसाच थांबला. ते पूर्ण अर्धं मिनिट लेकीनं पाहिलं. मग ती आईकडे वळली. आवाज थेट बाईंचाच होता, चढावर गाडी बंद पाडणाऱ्या माणसाला बाई लावतात तो.

"मी चिडले तर चिडू दे," ती म्हणाली. "परत असं थांबायचं नाहीस तू."